धोंड्यात दिलेला मासा

आमच्या घरी फ्लॉवरहॉर्न मासा आला तो नशिबाच्या नावाखाली आला, आणि ज्याचं नशीब उजळायचं होतं तो माणूस लगेच बदली होऊन निघून गेला. मंगरूळपीरच्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर बँकेतले एक साहेब भाड्यानं राहायचे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हा मासा घरात ठेवला की भरभराट होते, त्याच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत चिनी अक्षरं असतात, आणि कपाळावरचं टेंगूळ जेवढं मोठं तेवढं घरातलं सुख मोठं. साहेबांनी अकोल्याहून मासा आणला, टाकी आणली, तिला उदबत्तीसुद्धा लावली. टाकीचं पाणी नितळायच्या आत बदलीचा आदेश आला, आणि तोही अशा गावचा की सामान बांधताना त्यांच्या बायकोनं प्रत्येक भांडं आपटून भरलं.

जाताना ते म्हणाले, "मॅडम, हा तुम्ही ठेवता का?" मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तो रस्त्यातल्या पहिल्या नाल्यात सोडला असता, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी हो म्हटलं ते माशाच्या प्रेमानं नाही, नाल्याच्या काळजीनं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे एखादी गोष्ट घरात आली की तिचे नियम आधी येतात आणि लळा मागून. या माशाबद्दल वाचायला बसले तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की हा कुठल्याच नदीतला नाही. परदेशात हौशी लोकांनी सिक्लिड नावाच्या कुळातले निरनिराळे मासे एकमेकांत मिसळले आणि हा तयार केला. म्हणजे सरळ हायब्रीड. आमच्या घरात हा शब्द नवा नाही. यजमानांचं कृषी केंद्र आहे, दरवर्षी पेरणीच्या तोंडावर ते गिऱ्हाइकांना बजावतात की हायब्रीडचं बी घरी धरू नका, पुढच्या साली फजिती होईल. तेच गिऱ्हाईक चहाला घरात आलं की टाकीपुढं उभं राहून विचारायचं, "बाई, याचं बी धरता येते का?" आणि हे हसू दाबत माझ्याकडे बघायचे. आमच्याकडे म्हातारी माणसं आजकालच्या पोरांनाही हायब्रेट म्हणतात. माझी मुलगी उंच होती आणि उलट उत्तर द्यायची, म्हणून लहानपणापासून तिनं हे बिरुद मिरवलं. मासा आला तेव्हा ती म्हणाली, "चला, घरात मी एकटी नाई आता."

तर नियम. हा मासा एका टाकीत एकटाच ठेवायचा, दुसरा कुणी दिसला की तो त्याला मारतो. टाकी मोठी हवी. त्याला मजा म्हणून जिवंत बारके मासे खायला घालायचे नाहीत. टेंगूळ फुगावं म्हणून मसालेदार खुराक चारायचा नाही, टेंगूळ त्याचं आहे, आपलं नाही. जोडी लावायची नाही, पिल्लं वाटायची नाहीत. अकोल्याच्या दुकानात मी पॅरट नावाचे दुसरे हायब्रीड मासे पाहिले, त्यांचं तोंड मिटतच नाही, तसंच बनवलंय म्हणे. दुकानदार म्हणाला, "लोकाइले गोड दिसते." मी काही न घेता परत आले आणि घरी येईपर्यंत चिडलेली होते. माणसानं हौसेनं जे जन्माला घातलं ते माणसानंच नीट मरेपर्यंत सांभाळावं, एवढंच माझं म्हणणं. आणि सगळ्यात शेवटचा नियम, जो मी येईल त्याला, जाईल त्याला ऐकवायचे: हा मासा बाहेरच्या कुठल्याही पाण्यात सोडायचा नाही. विहिरीत नाही, नाल्यात नाही, धरणात नाही, पुण्य लागतं म्हणून तर मुळीच नाही.

आता मंगरूळपीरला नळ त्याच्या मनाला येईल तेव्हा येतो. नळ आला की आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं, आणि मग माझा एक निळा ड्रम, जो फक्त माशाचा. ब्लीचिंगचा वास उडावा म्हणून त्यात पाणी मुरत ठेवायचं आणि दर रविवारी टाकीतलं थोडं काढून तेवढंच नवं घालायचं. काढलेलं पाणी वांग्यांना. आमची वांगी गल्लीत प्रसिद्ध होती, पण शेजारणी वांगी नेताना ड्रमकडे बघून सुस्कारा सोडायच्या तो सोडायच्याच. वीज गेली की मी बॅटरीचा पंप लावायला धावायचे. यजमान पेपर खाली न घेता म्हणायचे, "जवाई आला तरी एवढी धावपळ नाई होत या घरात."

पुढं जावई आला.

मुलीचं लग्न मानोऱ्याजवळच्या एका खेड्यात करून दिलं. घर शेतकऱ्याचं, भलं, भरलेलं. जावई पुण्याला कंपनीत. "रूम पाहून राह्यलो, सापडली की नेतो," असं लग्नाच्या मांडवात म्हणाला होता. तोपर्यंत मुलगी सासू-सासऱ्यांजवळ खेड्यात. पहिला धोंड्याचा महिना आला तेव्हा आम्ही जावयाला रीतीप्रमाणे बोलावलं. धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात जावई नारायण असतो. त्याला अनारसे वाढायचे, दिवा द्यायचा, वाण द्यायचं, आणि वर विचारायचं की बापू, तुम्हाला काय हवं. आमच्याकडे हे विचारतात आणि जावई लाजून नको म्हणतो, मग सासरा त्याला आधीच आणून ठेवलेली वस्तू देतो. असं सगळं ठरलेलं असतं.

आमचा जावई मुलखाचा संकोची. यजमानांनी विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. यजमानांना बहुतेक खेळाची गोडी लागली असावी, त्यांनी आणखी एकदा विचारलं, "असं कसं बापू? काईतरी सांगाच." त्या बिचाऱ्यानं सुटकेसाठी खोलीभर नजर फिरवली. टाकीतून मासा त्याच्याचकडे बघत होता.

"देतच असान तं हा मासा द्या," तो म्हणाला.

मला वाटतं, घरातली सगळ्यात बिनखर्चाची वस्तू आपण मागितली असं त्याला वाटलं असावं. मी तोंड उघडायच्या आत यजमान ओरडले, "दिला!" निळा ड्रम मोकळा होणार या आनंदात त्यांनी जावयाला मिठीच मारायची बाकी ठेवली. मी वर्षभर विज्ञान शिकवते, पण धोंड्यात मी सासू असते, आणि धोंड्यात मागितलेलं नाही म्हणणारी सासू आमच्या जिल्ह्यात अजून झालेली नाही.

मग मी जावयाला बसवून सगळे नियम सांगितले. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, आणि वर्गात अशी मान कोण हलवतं ते मला चांगलं माहीत आहे. मुलगी म्हणाली, "आई, पुरे. मले ठाऊक आहे सगळं, मीच पाहीन." व्याह्यांचा टेम्पो बाजारात सोयाबीन टाकून परत चालला होता, त्यात टाकी, ड्रम, पंप आणि मासा गेला. भिंतीपाशी टाकीचा ओला चौकोन तेवढा राहिला. मी रविवारी उठायचे आणि काय करायचं ते आठवायचं नाही. मला त्या माशाची आठवण यायची, खरं सांगायचं तर बरीच यायची.

मुलीला फोन लावला की ती सांगायची. मासा कसा? मजेत. खातो का? खातो. पाणी? बदलतो ना वं आई, मीच बदलतो. जावई पुण्याहून आला होता का? येऊन गेला. रूम? पाहून राह्यले. तू कशी? मजेत. ज्या सुरात माशाचं 'मजेत' यायचं त्याच सुरात हेही यायचं, आणि माशाचं तर खोटं असायचं कारण नव्हतं.

रामनवमी जवळ आली होती तेव्हा व्याह्यांचा फोन आला. व्याही एरवी फोन करत नाहीत, विहीणबाई करतात.

"इहीनबाई," ते म्हणाले, "एक पुण्याचं काम केलं म्हणून फोन लावला. तुमच्या माशाले मोकळं केलं."

"मोकळं म्हणजे?"

"शेततळ्यात सोडलं. काचेच्या डब्यात किती दिस राहीन बिच्चारा? जीव आहे ना त्याले बी. अन् उन्हाळ्यात पाण्याचे वांधे. तळ्यात माह्ये रोहू-कटला आहेत, त्याइच्यात राहीन. सोबत होईन त्याले."

मी खुर्चीत बसले. त्या माशाला सोबत! वाघाला गोठ्यात सोबत मिळावी म्हणून सोडावं, तसा प्रकार. पण व्याह्यांचा आवाज इतका खूश होता, की मी फक्त "असं का" म्हणाले. आमच्या भागात मोठ्या माणसाला नाही म्हणायचं असलं की आधी "असं का" म्हणतात.

फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र. तळ्यातले बारके मासे तो संपवील, तो एक भाग. पण पावसाळ्यात शेततळं तुडुंब भरतं आणि सांडव्यातून वाहतं. सांडव्याचं पाणी नाल्यात, नाल्याचं नदीत, नदीचं पुढं धरणात. आणि नदीत जे आपले मासे आहेत, मरळ, वाम, झिंगे, त्यांच्या अंड्या-पिल्लांना हा परका पहिलवान माहीत नाही. तो एकदा तिथं गेला की त्याला परत आणता येत नाही. मी हे सगळं यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "एक मासा तं आहे."

"एक मासा तं आहे असं म्हणणारेही एकेकच असतात," मी म्हटलं. "मी जाते, घेऊन येते."

त्यावर मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. "डोकं जाग्यावर आहे का? धोंड्यात जवायाले देल्लेलं वाण वापस आणशीन? लोक थुंकतीन तोंडावर. अन् पोरगी तिथं राह्यते, हे ध्यानात ठेव. तू बोलून येशीन अन् भोगाव लागन तिले."

हे खरं होतं आणि म्हणूनच मला राग आला. मासा तळ्यातून काढायचा होता, आणि लेकीच्या सासरी कुणाचं मन न दुखावता काढायचा होता. पहिल्यासाठी जाळं पुरलं असतं. दुसऱ्यासाठी काय न्यावं ते मला कळत नव्हतं.

रामनवमीच्या दिवसांत पोहरादेवीच्या यात्रेमुळे त्या बाजूच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मी झाकणाची मोठी बादली, हातजाळं आणि बॅटरीचा पंप घेऊन चढले. शेजारी बसलेल्या आजींनी बादलीला आदरानं हात लावून विचारलं, "तीर्थ आणाले चालली का बाई?"

"नाही, मासा आणायला."

आजींनी हात लुगड्याला पुसला आणि मानोरा येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसल्या. कंडक्टरनं रिकाम्या बादलीकडे दोनदा पाहिलं, पण मी शिक्षिका दिसते, लोक सहसा विचारत नाहीत.

व्याह्यांकडे माझं स्वागत नेहमीसारखंच झालं. विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, पातोडीची भाजी, भाकरी, वर तूप. मुलगी वाढत होती. ती जरा वाळली होती, पण उन्हाळ्यात सगळेच वाळतात. टाकी ओसरीत कोपऱ्याला कोरडी पडलेली, आत कुणीतरी कांदे ठेवले होते. जेवताना मी चार वेळा विषय काढायचं ठरवलं आणि चारही वेळा भाजी फार छान झालीय असं म्हणाले. शेवटी हात धुताना बोलले, ते असं काही बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

"भाऊ, तळ्यात यंदा माशांचं बीज किती सोडलं?"

व्याह्यांचा चेहरा फुलला. तळं हा त्यांचा जीव. रोहू-कटल्याचं बीज कुठून आणलं, कसं जगवलं, ते सांगायला लागले.

"मग ते सगळं आता गेलं समजा," मी म्हटलं. "आमचा मासा बारकं दिसलं की खातो. मला त्याचीच काळजी लागली म्हणून आले. वाण न्यायला नाही आले, तुमचं बीज वाचवायला आले."

व्याही ताडकन उठले. "मंग आधी काहून नाई सांगतलं?"

सांगितलं होतं. नारायणाला बसवून सांगितलं होतं. पण नारायण पुण्याला रूम बघत होता, आणि मुलीला बहुधा कुणी विचारलं नव्हतं. मी बादली उचलली.

तळं घरामागच्याच शेतात. काळं प्लास्टिक अंथरलेलं, पाणी उन्हाळ्यानं तळाशी गेलेलं, चारी बाजूंनी घसरडा उतार. कुणी पडलं तर धरायला काठावर दोर आणि ट्यूब बांधलेली. व्याह्यांनी जाळं फेकलं. रोहू आले. पुन्हा फेकलं. पुन्हा रोहू, आणि ते पाहून व्याह्यांना बीज अजून आहे म्हणून आनंद झाला, मग मासा सापडत नाही म्हणून वाईट वाटलं. जाळं हिरव्या पाण्यात कुठंही पडत होतं आणि आमचा पहिलवान नेमका तिथं नसायचा.

मग मी दोर धरून उतारावर बसले. पर्समधून त्याचं जुनं आवडीचं खाद्य काढलं, पाण्यावर टाकलं, हात हलवला, हाका मारल्या. इतकी वर्षं मी त्याला वाढवलं होतं, ड्रम भरले होते, गल्लीचे सुस्कारे झेलले होते. माझ्यासाठी तो येणारच, असं मी मनात धरून आले होते. खाद्य एका रोहूनं खाल्लं.

"तुमाले वळखत नाई वाटते तो," व्याही हळूच म्हणाले. टोमणा नव्हता, पण लागला.

मुलगी मागून पिण्याच्या पाण्याची कॅन घेऊन आली होती. मग तिनं चप्पल काढली, कॅन खाली ठेवली आणि दोर माझ्या हातातून घेतला. पाण्यापाशी उकिडवी बसून तिनं हातातल्या बांगड्या कॅनच्या स्टीलच्या झाकणावर वाजवल्या. जरा थांबून पुन्हा वाजवल्या, आणि एक बोट पाण्यावर धरलं.

पलीकडच्या कोपऱ्यातून तो आला. आधी टेंगूळ दिसलं, मग लाल छाती. सरळ तिच्या बोटापाशी येऊन थांबला. तिनं बोट डावीकडे नेलं, तो डावीकडे गेला. उजवीकडे नेलं, तो उजवीकडे. तिनं गोल फिरवलं तर त्यानं तिथल्या तिथं गोल फेरी मारली, आणि थांबून तिच्याकडे तोंड वर करून राहिला. व्याही "अबबब" म्हणाले. ती वाकून त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती.

मला मासे पाळण्यातलं कळतं. भूक लागली की कुठलाही मासा काचेपाशी येतो, माझ्याकडे हाही तेवढ्यापुरता यायचा. पण बोटामागं असं फिरायला त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवायला रोज, अगदी रोज, तासन्‌तास त्याच्यासमोर बसावं लागतं. दुसरं काही नसेल तरच माणूस एवढा वेळ माशासमोर बसतो. मला एवढा वेळ कधी मिळाला नव्हता, कारण माझ्या घरी शाळा होती, गल्ली होती, भांडायला नवरा होता, आणि ती होती.

"काय सांगून राह्यली त्याले?" मी विचारलं.

"काई नाई," ती पाण्याकडेच बघत म्हणाली. "दिवसभराचं."

मला एकदम रडू आलं. उतारावर, व्याह्यांसमोर, हातात जाळं घेऊन. त्या घरात तिला कुणी वाकडं बोलत नव्हतं. तूप पहिलं तिच्याच ताटात पडायचं. फक्त सासू-सासरे उजाडल्यापासून शेतात, नवरा पुण्याला, आळीत तिच्या वयाचं कुणी नाही, आणि फोनवर आई विचारणार म्हणून 'मजेत' तयार. घरातली सगळ्यात बडबडी पोर, जिला बोलताना थांबवायला मी वर्गातलं डस्टर आपटायचे, ती ओसरीतल्या काचेशी बोलत होती. आणि माशाला सोबत मिळावी म्हणून व्याह्यांनी भल्या मनानं माझ्या पोरीची होती ती सोबत तळ्यात सोडून दिली होती.

तिनं बोटानं त्याला काठाशी आणलं, मी खालून जाळं घातलं. बादलीत टाकताना तो मला चावला. तिला नाही.

घरी आल्यावर व्याह्यांनी हसत चहा सांगितला. बीज वाचलं होतं, मासा बादलीत होता, कुणाचं मन दुखावलं नव्हतं. मी जे करायला आले ते झालं होतं, आणि मी चहा न घेता सरळ म्हटलं, "भाऊ, पोरीला पण घेऊन जाते."

विहीणबाई म्हणाल्या, "आता? यात्रेचे दिस आहेत, पाव्हणे येतीन, अन् सून घरात नाई?"

व्याही म्हणाले, "इहीनबाई, मासा बी नेता अन् सून बी नेता. गावातले लोक म्हणतीन, इवायाइचं, दोन घराइचं काई बिनसलं."

"म्हणू द्या."

हे मी म्हटलं खरं, पण दिलेलं वाण आणि दिलेली लेक एकाच फेरीत परत घेऊन जाणारी बाई मी तरी कधी ऐकली नव्हती. मुलगी दाराशी उभी होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती की नको, आई, नको. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि विहीणबाईंचा हात धरला.

"ताई, ती दिवसभर माशाशी बोलते. तुम्हाला माहीत होतं?"

विहीणबाईंनी कांदे ठेवलेल्या टाकीच्या काचेवर हात ठेवला.

"मले वाटे, काचा पुसून राह्यली," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून पुन्हा म्हणाल्या, "मी नवी होती तवा गाईशी बोलो. कोणाले दिसलं नाई." आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं तिची बॅग भरली. त्यात कपड्यांचे दोन जोड जास्तीचे घातले.

व्याह्यांना हे सगळं पचायला जरा वेळ लागला. भला माणूस, पण काही चुकलं की कुणावर तरी ओरडल्याशिवाय त्यांना बरं वाटत नाही. त्यांनी पुण्याला फोन लावला. "काय रे, रूम सापडली का नाई? नसन सापडत तं तसं सांग, मी येतो शोधाले. अन् आलो की तिथंच राह्यतो." मग कळलं की रूम पुढच्या महिन्यात मिळेल. सासरा येऊन राहणार म्हटल्यावर जे सुचतं त्यापेक्षा बाप येऊन राहणार म्हटल्यावर जास्त लवकर सुचतं, असं दिसतं.

व्याह्यांनीच आम्हाला मोटरसायकलवर मानोऱ्याला आणलं. मधे मी, मागे ती बॅग घेऊन, आणि बादली पुढं पेट्रोलच्या टाकीवर, त्यांच्या दोन हातांच्या मधे. खड्डा आला की ते माशाला सॉरी म्हणायचे.

बसमध्ये यात्रेहून परतणाऱ्यांची गर्दी होती, तरी दोघींना जागा मिळाली. ती खिडकीशी, बादली तिच्या पायांपाशी. गाव मागं पडेपर्यंत ती बोलली नाही. मला वाटलं रागावली आहे, आणि रागावली होतीच. पहिलं वाक्य तेच निघालं, "तुले विचाराव नाई वाटलं का मले, येतो का म्हणून?" मग दुसरं निघालं, मग तिसरं. मग ती थांबेचना. सासूच्या गुडघ्याचं, आळीतल्या कुत्रीला झालेल्या पिल्लांचं, रात्री फोन लागत नाही त्याचं, जावयानं पाठवलेल्या एका खोलीच्या फोटोचं, ज्यात खिडकीच नव्हती म्हणून तिनंच नको म्हटलं होतं आणि नंतर किती पस्तावली त्याचं. हिवाळ्यात एकदा ताप आला होता, तो मला आत्ता कळला. ती बोलत होती आणि मी मधे एकदाही तोंड घातलं नाही. हे मला जमत नाही, आमच्या घरी कुणालाही विचारा.

बॅटरीचा पंप माझ्या पर्समध्येच राहिला होता. उन्हाळ्यात, बंद बादलीत, एवढ्या प्रवासात तो लावायलाच हवा होता, दुसऱ्या कुणी विसरलं असतं तर मी त्याला वाटेतच झापलं असतं. मंगरूळपीर आलं तेव्हा ती अजून बोलतच होती. झाकण उघडून तिनं एकदाही आत पाहिलं नव्हतं, आणि मीही नाही.